वसतिगृहाच्या टेबलाची गोष्ट

मी एक जुनं, लांबलचक सागवानी टेबल आहे, मित्रांनो. अमरावतीच्या एका ख्रिस्ती कॉलेजच्या वसतिगृहात माझं आयुष्य गेलं. कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी मेळघाटच्या सागापासून दोन सुतारांनी मला तिथल्या जेवणघरातच घडवलं, कारण बाहेर घडवून आणलं असतं तर मी दारातून आत मावलो नसतो. माझ्या दोन्ही बाजूंना मिळून चोवीस मुलं बसत.

कामाची वर्षं चांगली गेली. मुलं माझ्यावर जेवायची, अभ्यास करायची, परीक्षेच्या दिवसांत डोकं टेकून झोपायची. पाहुणे आले की वसतिगृह सांभाळणारे फादर माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "असं लाकूड आता मिळत नाही." मला बरं वाटायचं. पुढे वसतिगृहाचं छप्पर गळायला लागलं, मुलं कमी झाली, डबे बाहेरून येऊ लागले. जेवणघराला कुलूप लागलं. माझ्यावर रंगाचे डबे आणि मोडके पंखे येऊन बसले. एका पायाला वाळवी लागली, ती कोणी पाहिली नाही.

मग कॉलेजला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आली. एका सकाळी कुलूप उघडलं आणि नीलम मॅडम आत आल्या. त्या कॉलेजात इतिहास शिकवत. छप्पर दुरुस्त करून मुलींसाठी वसतिगृह पुन्हा सुरू करायचं होतं आणि त्यासाठी निधी जमवायचा कार्यक्रम त्यांच्याकडे सोपवला होता. निधी जमला नाही, तर इमारत पाडायची असं ठरलं होतं.

मॅडमनी मला स्वतः पुसलं. मग माझ्याच भोवती बैठका सुरू झाल्या.

"भाषणं नकोत, सर," त्या प्राचार्य शिरसाट सरांना म्हणाल्या. "पाहुण्यांनी एक दिवस सुरुवातीच्या वर्षांतले विद्यार्थी व्हायचं. दारात प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळेल. तिच्यावर तेव्हाच्या एका मुलाचं नाव आणि त्याने त्या दिवशी काय केलं ते असेल. हजेरी, तास, प्रार्थना आणि शेवटी इथे भाकर, वरण, अंबाडीची भाजी."

सरांना कल्पना आवडली. त्यांनी निमंत्रणपत्रिकेसाठी ओळही सुचवली: 'पहिल्या दिवसापासून सारे एकाच टेबलावर.'

मी ती ओळ नुसती ऐकली. मला दुसरं काय करता येणार?

जुन्या दिवसांची माहिती विचारायला मॅडम माजी विद्यार्थ्यांना फोन करत होत्या. त्यातून एक दिवस अकोल्याहून शेषराव आले. निवृत्त शिक्षक, वय शहाऐंशी, पांढरा सदरा. ते माझ्या टोकाशी बसले आणि त्यांनी निमंत्रणपत्रिकेच्या कच्च्या प्रतीवरची ती ओळ वाचली.

"हे खरं नाही, बाई," ते शांतपणे म्हणाले.

"म्हणजे, बाबा?"

"सत्तावन्न साली मी पातूरकडून इथं आलो. आदल्याच वर्षी आमच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. पहिल्या दिवशी मी इथं बसलो, तर चार पोरं ताट घेऊन व्हरांड्यात गेली. मंग मीच उठलो. आठ दिवस त्या दारापाशी खाली बसून जेवलो. फादर चांगले होते, पण त्यायनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. नवव्या दिवशी मी सगळ्यायच्या आंधी आलो आन् बरोबर मधात बसलो. हळूहळू बाकीचे बसले. ते चौघं मात्र वर्षभर बाहेरच जेवले."

नीलम मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांचे आजोबाही छप्पन्न सालीच बौद्ध झाले होते.

त्यांनी हा प्रसंग कार्यक्रमात घ्यायचं ठरवलं, तेव्हा शिरसाट सर अस्वस्थ झाले. "वर्धापनदिनाला हे कशाला? देणगी द्यायला आलेले लोक दुखावतील."

"सर, तो दिवस जगायला बोलावतो आहोत ना आपण? मग तो जसा होता तसाच हवा. नाहीतर माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला सांगा."

सर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "ती ओळ काढा. माझी चूक होती."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी जेवणघर भरलं. माझा वाळवीचा पाय सुताराने बदलला होता. स्वयंपाकाला बोलावलेल्या माणिकबाईंनी चुलीवर भाकरी केल्या होत्या. शेषराव मधल्या जागेवर बसले होते. वरूडचे संत्रा बागायतदार खुशालराव नातीला घेऊन आले होते. तेही त्याच काळचे विद्यार्थी, आणि सगळ्यात मोठी देणगी त्यांच्याकडूनच येईल अशी कॉलेजला आशा होती. त्या चौघांत एक ते होते. शेषरावांनी नावं कोणाला सांगितली नव्हती, पण मला ठाऊक होतं.

चिठ्ठ्या उघडल्या गेल्या. खुशालरावांची नात आकांक्षा आपली चिठ्ठी वाचून गोंधळली. "आबा, याच्यात नाव नाही, नुसतं लिहिलं आहे, ताट घेऊन व्हरांड्यात जा. इथं जागा आहे, मंग मी काहून उठू?"

खुशालराव तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्या कडेला धरून ते उठले.

"तू नको उठू," ते म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "तवा मी उठलो होतो. मले कोणी हे विचारलं नव्हतं."

काठी टेकत ते शेषरावांपाशी गेले.

"ओळखलं का, शेषराव?"

"तू दारातून आला तवाच ओळखलं."

"मले माफी मांगाची आहे."

शेषरावांनी आपलं ताट बाजूला घेतलं. मग शेजारच्या माणसाला थोडं सरकायला सांगितलं. "माफीचं मंग पाहू. आठ दिवस लय मोठे होते, खुशाल. आंधी बस. भाकर थंडी होऊन राहिली."

खुशालराव बसले. दोघं म्हातारे शेजारी शेजारी जेवले. त्यांना पाहून आकांक्षाने आपली चिठ्ठी फाडली नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवली.

देणगीदार दुखावले नाहीत. छप्पर झालं. आता चांदूर रेल्वेच्या, दर्यापूरच्या, कुठकुठच्या मुली माझ्यावर जेवतात. भिंतीवर शेषरावांची हकीकत फ्रेम करून लावली आहे, नवीन मुली ती पहिल्या दिवशी वाचतात. खुशालराव आणि शेषरावांचं पुढे काय बोलणं झालं, ते मला कळलं नाही. ते बाहेर झाडाखाली बोलत बसले होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका. त्यांना पुसा, वापरा. वापराने लाकूड टिकतं. आणि एक मागणं आहे. तुमच्या टेबलावरून कोणी ताट घेऊन एकटंच दाराशी जाऊन बसलं, तर घास खाली ठेवून त्याला हाक मारा. मी ते आठ दिवस पाहत होतो. मला हाक मारता येत नव्हती. तुम्हाला येते.