अँब्रोझची शिंगाची दौत

मित्रांनो, मी एक जुनी दौत आहे, बैलाच्या शिंगाची. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर एका कारागिराने मला उकळत्या पाण्यात मऊ करून घडवले. अँब्रोझ नावाच्या नाटककाराने मला कमरेला बांधले.

चारशे वर्षांपूर्वीच्या, राजा जेम्सच्या त्या काळात लोकांना सुडाची नाटके फार आवडत. अँब्रोझच्या नाटकात तर शेवटी रंगमंचावर कुणी जिवंतच उरत नसे. त्याचा मित्र लॉडविक नट होता. तो म्हणायचा, "अरे अँब्रोझ, या खेपेला मला दोन अंक तरी जगू दे की!" टाळ्या पडत तेव्हा त्यात आपलाही वाटा आहे, असे मला वाटे.

मग प्लेग आला. नाटकगृहे बंद झाली. अँब्रोझची धाकटी लेक टॉमसिन त्या साथीत गेली. त्यानंतर त्याने मला हात लावला नाही. माझ्यातल्या शाईच्या खपल्या झाल्या.

नाटकगृहे उघडली तसा लॉडविक दारात येऊन उभा राहिला. "नाटक दे बाबा. नटमंडळी उपाशी आहेत." अँब्रोझच्या बायकोने, उर्सुलाने, मला धुऊन ताजी शाई भरली. तो लिहू लागला. पण नाटकातल्या राजाची लेक समुद्रात बुडते, त्या प्रवेशाशी त्याचा हात थांबला. नुसता बसून राहिला.

उर्सुला जवळ येऊन बसली. "हिला वाचवा ना."

"लोक हसतील गं. माझ्या नाटकात कधी कुणी वाचलंय का?"

"हसू देत. आपली नाही वाचवता आली आपल्याला. ही तर तुमच्या हातात आहे."

त्याने पिसाची लेखणी माझ्यात बुडवली. डोळे पुसत पुसत त्याने त्या मुलीला मच्छीमारांच्या जाळ्यातून काठावर आणले.

पहिल्या प्रयोगाला मी त्याच्या कमरेलाच होते. रंगमंचावर राजाने भिजलेली लेक उचलून घेतली. अँब्रोझने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात खाली उभी असलेली एक मासळीवाली ओरडली, "जिवंत आहे गं बाई पोर!" लोक हसले, रडले. उर्सुलाने अँब्रोझचा हात घट्ट धरला.

आता ती दोघेही नाहीत. मला तडा गेला आहे आणि मी एका कपाटात धूळ खात पडले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी, घरातले कुणी गप्प गप्प झाले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. काय बोलावे ते सुचले नाही, तरी बसा.