सात

मरोळच्या बाजारात मासळी विकणाऱ्या अंजनाबाईंना बर्फाच्या खोक्यात एक अंगठी सापडली. त्या मला म्हणाल्या, "तू सायन्सवाली ना गो? खरी हाय का बघ. खरी असली तर जपून ठेवीन. जिची असंल ती शोधत येईलच."

मी ती लॅबमध्ये नेली. आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलली. घनता सात आली. बावीस कॅरेट सोन्याची सतराच्या पुढे असते. दुसऱ्या दिवशी मी ठामपणे सांगितलं, "खोटी आहे, मावशी."

"फुकट जीव टांगलेला माझा!" हसत त्यांनी ती खवल्यांच्या बादलीत टाकली. बादली कचऱ्याच्या गाडीत रिकामी झाली.

शनिवारी मी बोंबील घेत असताना एक वयस्कर बाई आल्या. "मासे निवडताना माझी अंगठी इथं पडली का हो? सासूबाईंची होती. वरून सोन्याचा पत्रा, आत लाख भरलेली. जुन्या घडणीची."

लाख जवळपास पाण्याइतकीच हलकी असते. सात हा आकडा तर पितळेपेक्षाही कमी होता, म्हणजे आत काहीतरी हलकं असणार. मी तेव्हाच थांबायला हवं होतं. सोनाराने कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढली असती, तरी कळलं असतं.

अंजनाबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "सापडलेली, ताई. खोटी समजून मीच कचऱ्यात टाकली."

"अहो, कुणाला तरी दाखवायची ना आधी!" बाई कळवळून म्हणाल्या.

"चुकलंच माझं," अंजनाबाई म्हणाल्या.

मी बोंबलांची पिशवी उचलली आणि निघाले.