नजरबंद केबल आणि हरेश्वरकाकांचा आवाज

अर्नाळ्याच्या बंदरावर शत्रुघ्नच्या दुकानापुढे रविवारी सकाळी शंभरेक माणूस जमलं होतं. मासळी विकायला निघालेल्या बाया पाट्या खाली ठेवून उभ्या होत्या, बर्फाचा टेम्पोवाला टेम्पो मध्येच सोडून आला होता. मी समोरच्या माझ्या मोबाइलच्या दुकानात बसून काउंटर पुसत होतो. तिसऱ्यांदा.

शत्रुघ्नने एका तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या कप्तानाचा, फोन हातात घेतला आणि साध्या केबलने लॅपटॉपला जोडला. लॅपटॉप टुणकन वाजला आणि पडद्यावर फोनमधली सगळी सामग्री उघडी पडली.

"बघा! दार सताड उघडं! तुमच्या बापजाद्यांनी शोधलेल्या माशाच्या जागा कोणीपण येणार, कॉपी मारणार, जाणार! आता बघा कमाल!"

मग त्याने दुसरी केबल काढली. तिला काळा दोरा गुंडाळलेला, दोऱ्याला सात गाठी. ती जोडताच फोनवर चार्जिंगची खूण आली, पण लॅपटॉप गप्प. टुण नाही, फुण नाही.

"चार्ज येणार, नजर नाय जाणार! ही नजरबंद केबल. अमावास्येला बांधलेली, समुद्राच्या पाण्याने सिद्ध केलेली. एकदा फोनला लावली की फोन कायमचा बांधला गेला. मग कोणाच्या बापाला उघडायचा नाय!"

बाहेरच्या माणसाला हे हसू आणेल, पण आमच्या गावची खोड त्याला ठाऊक नाही. इथला माणूस तुम्हाला घरातलं भांडण सांगेल, दुखणं सांगेल, पण मासा कुठे लागला ते सख्ख्या भावाला सांगणार नाही. बोट घोळ माशाने भरून आली तरी म्हणेल, "कशाचं काय, कचरा भरला जाल्यात." पूर्वी या जागा डोक्यात असायच्या, आता फोनमध्ये असतात. शेजारी आपल्यावर जळतो याची प्रत्येकाला खात्री होती, कारण प्रत्येक जण शेजाऱ्यावर जळत होता. शत्रुघ्नने तेवढं बरोबर हेरलं होतं.

आणि मी? मीही जळत होतो, सरळ सांगतो. मी आयटीआय केलेला माणूस, अकरा वर्षं दुकान चालवतोय. हा शत्रुघ्न दोन वर्षांपूर्वीपर्यंत आचोळ्याच्या फुटपाथवर फोनची कव्हरं विकत होता. आता लोक त्याला दादा म्हणत आणि माझ्याकडे फक्त सुटे मागायला येत. अंधश्रद्धेची मला चीड होतीच, पण त्या रविवारी मी काउंटर पुसत होतो तो निव्वळ चिडीने नव्हे.

त्या गर्दीत जिजाकाकी पुढे आली. तिचा नवरा हरेश्वरकाका बंदरावरचा नावाजलेला तांडेल, वैशाखात हृदयविकाराने गेला. लिहिण्याचा त्याला कंटाळा, म्हणून आपल्या सगळ्या जागा तो स्वतःच्या आवाजात फोनमध्ये बोलून ठेवायचा. तो फोन एकदा खारं पाणी प्यायला होता. त्याचा स्पीकर गेला, नेट गेलं, ब्लूटूथ गेलं. पडदा आणि चार्जिंगचा जॅक तेवढे शिल्लक होते. मेमरी कार्डाची जागाच नव्हती. काकाचं बोलणं बाहेर काढायला तारेशिवाय वाट नव्हती. आणि मोसम सुरू झाल्यापासून पोरगा धनेश दोनदा रिकामी बोट घेऊन परतला होता.

"दादा, हे गेल्यापासून त्यांनी तुमच्याकडनं घेतलेली केबलच लावून बघते," जिजाकाकी म्हणाली. "लॅपटॉपला काय म्हंजे काय दिसत नाय. तुमीच बांधलंत, तुमीच सोडवा."

शत्रुघ्न क्षणभर अडकला. साधी केबल लावून फोन उघडला, तर 'कायमचा बांधला' हे खोटं ठरत होतं. न उघडावा, तर बाई रडत होती.

मी काउंटरवरून उडी मारून रस्ता ओलांडला. "काकी, फोन इकडे दे. दोरा-गाठी काही नसतं. ही माझी साधी केबल. आत्ता उघडून दाखवतो!"

मी केबल जोडली. चार्जिंगची खूण आली. लॅपटॉप गप्प. काढून पुन्हा जोडली, उलटी करून जोडली, फुंकर मारून जोडली. लॅपटॉप गप्प तो गप्पच.

गर्दी खदाखदा हसली. शत्रुघ्नच्या कपाळावरचा घाम तिथल्या तिथे सुकला.

"बघितलं? साध्या केबलनेपण उघडत नाय, म्हणजे बंधन किती पक्कं!" मग त्याने आवाज खाली आणला. "काकी, बांधून घेणारा गेला, आता सोडणार कोण? काकांचा जीव त्यांच्या जागांमध्ये अडकलाय. नारळी पुनवेला नारळासोबत फोन दर्यात सोडा. जीव मोकळा होईल आणि मासा आपोआप धनेशच्या जाळ्यात येईल."

जिजाकाकीने फोन पदरात गुंडाळला आणि मान हलवली. पौर्णिमा तीन दिवसांवर होती. शत्रुघ्नचा चमत्कार पक्का केला होता मी, माझ्या हाताने.

दुपारी मार्गारेट मिस दुकानात आल्या. शेजारच्या निर्मळ गावच्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, अजून स्कूटर चालवणाऱ्या. मी त्यांचाच विद्यार्थी. झाला प्रकार मी तावातावाने सांगितला आणि शेवटी म्हणालो, "मिस, त्या फोनचा जॅकच गेलेला असणार."

"तुझी केबल चांगली आहे हे कशावरून?"

"मिस, मी अकरा वर्षं..."

"वर्षं नको सांगू. फोन मुका की केबल मुकी, हे ठरवायचंय ना? मग चांगल्या फोनला लावून बघायला नको? आठवीत शिकवलंय तुला."

मी माझ्या फोनला ती केबल लावून दुकानातल्या लॅपटॉपला जोडली. चार्जिंग सुरू झालं. लॅपटॉप गप्प.

मी एक नजरबंद केबल मागवून घेतली आणि ब्लेडने मधोमध सोलली. आत दोन तारा निघाल्या, एक लाल, एक काळी. दोन्ही विजेच्या. माहिती वाहून नेणाऱ्या हिरव्या आणि पांढऱ्या तारा त्या केबलमध्ये घातलेल्याच नव्हत्या. बाहेरचं टोक तेच, जॅक तोच, पण आत निम्मा माल. मी मोठ्याने हसलो. सापडला चोर!

मग मी माझ्या दुकानातली केबल सोलली. लाल आणि काळी.

हसू तोंडातच राहिलं. घाऊक बाजारातून स्वस्तात आणलेला तो अख्खा खोका मी दोन वर्षं 'चार्जिंग प्लस डेटा, एकदम ओरिजिनल' म्हणून विकत होतो. शत्रुघ्नने निदान माल तपासून थाप मारली होती. मी न तपासताच मारत होतो.

"आता काय करणार?" मिसनी विचारलं.

तीन दिवस मी ते टाळत राहिलो. शत्रुघ्नचं नाक कापायचं तर आधी माझं कापावं लागणार होतं. तो बुडावा म्हणून मी टपून बसलो होतो, पण त्याच्यासोबत बुडायला माझी तयारी नव्हती. जिजाकाकीच्या घरी तिला गुपचूप समजवायला गेलो, तर तिने दारातूनच वाटेला लावलं. "तू जलतस त्याच्यावर. सगला गाव बोलतो." खोटं कुठे होतं?

नारळी पौर्णिमेला बंदरावर बँड वाजत होता, बोटींना पताका लावल्या होत्या. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ धनेशच्या हातात आणि फोन जिजाकाकीच्या मुठीत. बाजूला शत्रुघ्न, कपाळाला भलामोठा टिळा लावून. काकी पाण्यात घोट्यापर्यंत उतरली तेव्हा माझ्याने राहवलं नाही. लॅपटॉप काखेत घेऊन मी धावलो.

"काकी, थांब! मी तुला खोटं सांगितलं. माझी केबल खोटी होती!"

बँड बंद पडला. मी माशांच्या पाटीवर लॅपटॉप ठेवला आणि तीन केबली काढल्या. पहिली शत्रुघ्नची, दोऱ्यासकट कापली. दुसरी माझ्या दुकानातली, लेबलासकट कापली. तिसरी माझ्या फोनसोबत खोक्यात आलेली, टोक तुटून निकामी झालेली, तीही कापली.

"मोजा."

टेम्पोवाल्याने मोजल्या. "दोन... दोन... आनि ही चार."

"लाल-काळीतून वीज जाते. हिरव्या-पांढऱ्यातून बोलणं जातं. शत्रुघ्नच्या केबलीत त्या नाहीत आणि माझ्याही केबलीत नाहीत. त्याने दोरा गुंडाळून विकली, मी ओरिजिनल म्हणून विकली. फोन कोणीच बांधलेला नाही. आम्ही दोघांनी मिळून तुला अर्धी केबल विकली."

"हा जळतोय!" शत्रुघ्न ओरडला.

"जळतोय ना," मी म्हणालो. "पण जळण्याने तारा दोनाच्या चार होत नाहीत. मोजून घे."

मार्गारेट मिसनी पिशवीतून आपल्या फोनची धड केबल काढली. आधी ती माझ्या फोनला लावून लॅपटॉप वाजवून दाखवला, मग जिजाकाकीपुढे धरली. "जिजा, फोन नंतरही पाण्यात टाकता येईल. आधी एकदा लावून बघ."

काकीने फोन दिला. केबल जोडली. लॅपटॉप टुणकन वाजला.

पडद्यावर एकेचाळीस आवाज ओळीने उभे राहिले. वैशाखापासून जो जीव अडकला होता तो दोन बारीक तारांनी सुटला. मी घाईघाईत पहिल्यावरच बोट दाबलं, आणि बंदरभर हरेश्वरकाकांचा घोगरा आवाज घुमला:

"जिजा, आदी दार लाव गो. बाजूची ऐकत असतील."

अख्खं बंदर खरंच कान लावून पुढे झुकलं होतं. जिजाकाकीने झटकन लॅपटॉप मिटला, पोटाशी धरला आणि गर्दीवर खेकसली, "व्हा सगले तिकडं!" मग तशीच पाण्यात उभी राहून ती हसत हसत रडायला लागली. नारळ एकटाच दर्यात गेला.

शत्रुघ्नने दोरे काढून टाकले आहेत. त्याच केबली तो आता 'फक्त चार्जिंग' असं लिहून विकतो, आणि त्यात गैर काही नाही. परक्या ठिकाणी फोन चार्ज करायला ती चांगलीच, आतली माहिती कोणी ओढू शकत नाही. त्याच्याकडे अजून माझ्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक जातं आणि मी अजून जळतो. पण माझा तो खोका मी भंगारात घातला, आणि काउंटरवर लॅपटॉप कायमचा उघडा ठेवलाय.

म्हणून सांगतो, मंडळी. केबलची जाडी बघू नका, लेबल वाचून भुलू नका, दोरा तर नकोच. पैसे देण्याआधी दुकानातच जोडा आणि लॅपटॉप वाजतो का ऐका. न वाजल्यास भूत शोधू नका, दुसरी केबल लावा. दुकानदार रागावला तर रागावू द्या. तो मी असलो तरी.