करिंथकरांस पत्र आणि खरवडीचा भात

मित्रांनो, मी एक जुने सागवानी मेज आहे. माझ्या पायांना वाळवी लागली आहे, त्याचे मला फारसे दुःख नाही. एका दुपारची मात्र अजून लाज वाटते. तीच सांगते.

१९७१ साली शहापूरच्या सोमाजी सुताराने मला घडवले. बैलबंडीतून मी आंबागडच्या बाजूच्या एका खेड्यात, ख्रिस्ती मंडळीच्या कौलारू प्रार्थनाघरात आले. मंडळीचे पाळक ताराचंद माझ्यावर शास्त्र उघडून उपदेश करत. सणाला सगळे एकत्र जेवत, तेव्हा पातेलीही माझ्यावरच मांडत.

१९७८ च्या हिवाळ्यात ताराचंदांनी पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र शिकवायला घेतले. रोज सकाळी ते माझ्यापाशी बसत. पेन्सिलीचे टोक जिभेला लावून रेघा ओढत, एकेका शब्दावर अडून राहत. एका रविवारी त्यांनी सांगितले, की करिंथात मंडळीचे जेवण असले म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून घेत आणि मागून येणारे गरीब उपाशी राहत. म्हणून पौलाने त्यांना खडसावले, एकमेकांसाठी थांबायला सांगितले. ऐकताना बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मंडळीचे पंच हिरालाल म्हणाले, "असा उपदेश आपल्या इथं कधी झाला नाही." मीही मनात फुगले.

पुढच्याच रविवारी पिकाच्या उपकारस्तुतीचे जेवण होते. शेजारच्या गावाहून उपासनेला येणारी सीताबाई आणि तिची म्हातारी सासू मजुरीने धान कापायला जात. त्या दिवशी मालकाने पेंड्या बांधून झाल्याशिवाय त्यांना सोडले नाही. इकडे हिरालाल म्हणाले, "बसा बाबा, भात थंडा होऊन राहिला." ताराचंदांनी एकदा दाराकडे पाहिले, आणि बसले.

त्या दोघी आल्या तेव्हा माझ्यावरच्या पातेल्यात बुडाला चिकटलेला खरवडीचा भात तेवढा उरला होता.

"काहून उशीर केला बाई? सारं सरलं," हिरालाल म्हणाले.

सीताबाईने पातेल्यात डोकावून पाहिले. मग हळूच विचारले, "बाबा, मागच्या रविवारी तुमी सांगतलं, ते कोन्या गावचं पत्र होतं?"

"करिंथचं."

"मले वाटलं, आपल्याच गावचं होय."

सासूचा हात धरून ती निघून गेली. ताराचंदांचा हात ताटातच राहिला. मला माझ्यावरचे ते पातेले जड झाले.

त्यानंतर ती आली नाही. पुढच्या रविवारी ताराचंदांनी तेच पान उघडले. मग म्हणाले, "मी हे तुमच्यासाठी वाचलं. माझ्यासाठी वाचलंच नाही." दुसऱ्या दिवशी ते पायी तिच्या गावी गेले, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून त्यांनी दोघींची माफी मागितली.

महिन्याने सीताबाई उपासनेला येऊ लागली. आमच्याकडेही नियम झाला, की शेवटचा माणूस येईपर्यंत पातेल्यावरचे झाकण उघडायचे नाही. पण सीताबाई जेवायला कधीच थांबली नाही. प्रार्थना संपली की ती सासूला घेऊन वाटेला लागे. ताराचंद दारापर्यंत जात, त्या दोघी दिसेनाशा झाल्या की परत येत. १९८६ मध्ये सिमेंटचा ओटा झाला आणि मला मागच्या खोलीत ठेवले. तोवर दर सणाला मी हेच पाहिले.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. फक्त जेवायला बसण्याआधी कोणीतरी दाराबाहेर जाऊन वाटेवर नजर टाका. आपले माणूस दूरवर येताना दिसले, तर थोडे थांबा. भात थंड झाला तरी चालतो.