लिनियाची सत्तावीस पावले

मी एक जुनी बॅटन आहे, मित्रांनो. रिले शर्यतीत एका मुलीच्या मुठीतून दुसरीच्या मुठीत जाणारी, जेमतेम फूटभर लांबीची ॲल्युमिनियमची नळी. माझ्यावरचा निळा रंग घामाने कधीच पुसला आहे.

अमेरिकेच्या मध्यावर, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका शाळेत मी बारा वर्षे धावले. जिंकलेल्या मुलींनी मला ओठांना लावले, हरलेल्यांनी गवतात भिरकावले. दोन्हींत प्रेमच होते.

मग संघात मारेन आली. जन्मदाखल्यावर तिला मुलगा म्हटले होते. पण दुसरीच्या वर्गापासून ती मुलगी म्हणूनच वाढली, आणि हे गावाला ठाऊक होते. चौघींच्या शर्यतीतला तिसरा टप्पा तिला मिळाला, म्हणून आधी तो धावणाऱ्या कोराचा गेला. कोराने दोन हिवाळे पहाटेचे बर्फ तुडवत सराव केला होता.

"मी कुठे कमी पडले गं?" तिने लिनियाला विचारले. शेवटचा टप्पा धावणारी लिनिया मला या हातातून त्या हातात फिरवत राहिली. कोराचे दुःख खोटे नव्हते, मित्रांनो.

लिनिया मागे न पाहता मला घेई. मागची मुलगी कुठवर आली की आपण सुटायचे, ते कळावे म्हणून ती आपल्या जागेपासून मागे पावले मोजून धावपट्टीवर चिकटपट्टी लावी. मागची जितकी वेगवान, तितकी पावले जास्त. मारेनसाठी सत्तावीस पावले.

"सत्तावीस! पायांना मोटार लावलीयेस का, भवाने?" लिनिया ओरडे.

"तू हात सरळ धर आधी. नाहीतर नाकात घालीन ही नळी."

त्या दोघींचे खिदळणे ऐकत कोरा एकटीच बुटांचे बंद बांधत बसे.

वसंतात राज्याने कायदा केला: जन्मदाखला सांगेल त्याच संघातून खेळायचे. शाळेत सभा भरली. मी प्रशिक्षक हॅल्वर्सनबाईंच्या पिशवीत होते. "माझ्या पोरीच्या मेहनतीला काही किंमत आहे की नाही?" कोराच्या वडिलांनी विचारले. दुसऱ्या कुणी 'हा प्रश्न' म्हटले, कुणी 'असली प्रकरणे'. मारेन तिसऱ्या रांगेत आईला बिलगून बसली होती. दोन तासांत तिचे नाव कुणाच्याही तोंडी आले नाही. हॅल्वर्सनबाईंच्याही नाही.

मारेनची जागा कोराला मिळाली. सरावात लिनियाने तिच्यासाठी बावीस पावले ठरवली. पण राज्यस्पर्धेच्या सकाळी ती धावपट्टीवर उभी राहिली आणि सत्तावीस मोजून चिकटपट्टी लावून आली. सवयीने की मनाच्या हट्टाने, हे तिचे तिलाही पुढे सांगता आले नाही.

कोरा जिवाच्या आकांताने धावली. लिनिया मात्र फार आधी सुटली होती.

"हात!" कोरा ओरडली. हात मागे आला, पण दूर. "थांब ना गं! लिनिया!"

ज्या रेषेच्या आत मला द्यायला हवे होते, ती मागे पडली. मी निसटले आणि तापलेल्या धावपट्टीवर घरंगळत गेले. पंचाने पिवळे निशाण उचलले. संघ बाद झाला.

"तो असता तर जिंकलो असतो," बाकांवरून कुणीतरी म्हणाले. मारेनला 'तो' म्हणणारा तो आवाज कोरानेही ऐकला.

लिनिया धापा टाकत परत आली. "कोरा, चूक माझी–"

"नको बोलूस," कोरा म्हणाली. "तुला मी नकोच होते."

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. कोराने धावणे सोडले. जूनमध्ये मारेन आपले बूट न्यायला सामानाच्या खोलीत आली. मी वाटेत पडले होते. तिने दोन बोटांनी मला उचलले आणि, परक्याची वस्तू चुकून हाती लागावी तसे, घाईने खाली ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, न्याय कोणाच्या बाजूला होता, ते मला उमगले नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणा मुलाचे भवितव्य ठरवाल. ठरवण्याआधी त्याला नावाने हाक मारा, आणि ज्याची जागा हिरावली गेली त्यालाही. दोघांचे ऐकूनही कदाचित तुम्हाला वाट सापडणार नाही. मला तरी ती दिसत नाही. पण निदान त्या मुलांना आपापल्या घरी एकटे रडावे लागणार नाही.