रद्द केलेला ट्रंक कॉल

मी एक जुना, काळा टेलिफोन आहे. मित्रांनो, हल्ली माझा मुक्काम पुंजाराम पोस्टमास्तरांच्या घरी धान्याच्या कोठीवर असतो. शेजारी मांजर झोपते. तिचा एक पाय माझ्या कुशीतल्या दांडीवर असतो, म्हणून निदान तिथं तरी धूळ बसत नाही.

माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यातला. जालना जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी मी भोकरदन तालुक्यातल्या या गावी, पोस्टाच्या टेबलावर आलो. गावात दुसरा फोन नव्हता. माझी घंटी म्हणजे काय विचारता! ती वाजली की तिकडं पिंपळगाव रेणुकाईला पुजारी आरतीची वेळ झाली समजून काकडा पेटवायचे. एकदा तर माझ्या आवाजाला दचकून एका म्हशीनं दुधाऐवजी एकदम दहीच दिलं. हसू नका, पुंजारामला विचारा. तो सरकारी नोकर होता, खोटं बोलायचा नाही. माझ्याबद्दल बोलताना थोडं वाढवायचा, एवढंच.

दांडी गरगर फिरवली की भोकरदनच्या केंद्रातल्या ताई "बोला" म्हणायच्या. त्यांना गावाचं नाव सांगायचं आणि बाकावर वाट बघत बसायचं; कधी दहा मिनिटं, कधी अख्खी दुपार. परगावच्या अशा फोनला ट्रंक कॉल म्हणत. लोक माझ्यासमोर टोपी सारखी करून बोलत, जणू पलीकडचा बघतोच आहे. पोळ्याला बैलांबरोबर पुंजाराम मलाही कुंकू लावायचा. असा माझा मान होता.

पण आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात मी काहीही वाढवणार नाही. तिच्यात वाढवायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या गावात दुर्गाबाई नावाच्या बाई शाळा सुटल्यावर समाजमंदिरात अभ्यासवर्ग घ्यायच्या. आईबाप शेतातून येईपर्यंत चाळीस लेकरं तिथं पाढे म्हणत, गाणी गात. वर्ग जालन्याच्या एका संस्थेचा होता. सत्त्याऐंशी साली संस्थेनं नियम केला की वर्गाला दोन माणसं हवीत. आणि नवा माणूस घ्यायचा तर तो आधी जिथं लेकरांत काम करत होता, तिथं चौकशी केल्याशिवाय त्याला वर्गात उभं करायचं नाही. छापील कागद आला. 'आधीच्या ठिकाणी चौकशी केली का?' असा त्यात एक रकाना होता. कागद शनिवारच्या टपालानं गेला नाही तर वर्ग बंद होणार होता.

माणूस तर मिळाला होता. गावातले मोठे शेतकरी अप्पाराव यांचा जावई बद्रीनाथ. आष्टीकडच्या एका गावात असाच वर्ग घेऊन तो नुकताच सासुरवाडीला राहायला आला होता. पेटी वाजवायचा, गोड बोलायचा.

श्रावणातल्या त्या शनिवारी सकाळी दुर्गाबाई पोस्टात आल्या.

"पुंजारामभाऊ, आष्टीकडं कॉल लावा. बद्रीनाथरावांची चौकशी करायची हाय."

पुंजारामनं चष्मा कपाळावर चढवला. "जावयाची चौकशी? बाई, गावात ऱ्हायचं हाय ना तुम्हाला?"

"कागदावर लिहेल हाय, भाऊ. लावा जल्दी."

पुंजारामनं दांडी फिरवली. ताई म्हणाल्या, लाईन मोकळी नाही, थांबा. दुर्गाबाई तासभर बाकावर बसून राहिल्या. तेवढ्यात पोस्टकार्ड घ्यायला खुद्द अप्पाराव आले.

"काय करून राह्यल्या बाई इथं?"

दुर्गाबाईंनी कागद दाखवला. अप्पारावांनी तो वाचला आणि ते मिशीतल्या मिशीत हसले. "म्हंजी जावयाला जेवायला पाट मांडायचा का पोलीस बशिवायचा? अहो, सोयरीक करतानी सात गावं पालथी घातली म्या. त्याचं शेत पाह्यलं, घर पाह्यलं, आजोळसुदिक पाह्यलं."

"लेकरांत कसा वागतो, तेवढं न्हाई ना पाह्यलं, अप्पा," दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

अप्पारावांचं हसू गेलं. "माझ्या लेकीचा इचार करा. उद्या सासरी तिला इचारतील, तुझ्या बापाच्या गावानं आमच्या पोराची फोनवर झडती का घेतली? काय सांगंल ती?"

दुर्गाबाईंना ते बरोबर समजलं. त्यांनीही सासर काढलं होतं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"बाई, टपालाची थैली बांधू का? गाडी उभी हाय," पुंजाराम म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या तो कॉल," असं म्हणून त्यांनी पुंजारामचाच पेन घेतला आणि रकान्यात लिहिलं, 'होय.' कागद गेला. बाई गेल्या, अप्पारावही गेले.

पाचच मिनिटांत माझी घंटी वाजली. "लाईन मिळाली, बोला," ताई म्हणाल्या. पलीकडून एक माणूस विचारत होता, "हॅलो? कोण बोलून राह्यलंय? हॅलो?" पुंजारामनं रिसीव्हर कानाला लावून ऐकलं. मग एक शब्द न बोलता तो माझ्यावर ठेवून दिला. मित्रांनो, तो रिसीव्हर मी रोज पन्नास वेळा पाठीवर घ्यायचो. त्या दिवशी तो मला पेलवला नाही.

बद्रीनाथ वर्ग घेऊ लागला. सुरुवातीला पेटीचा आवाज पोस्टापर्यंत यायचा. पुढं तो येईनासा झाला आणि लेकरांचाही येईनासा झाला. गावात शिवकन्या नावाची नऊ वर्षांची पोरगी होती. येता-जाता ती पोस्टाच्या खांबाला डावा कान लावून तारांचं गुणगुणणं ऐकायची. दिवाळीनंतर एका संध्याकाळी, दुर्गाबाई धाकट्यांना घेऊन बाहेर बसल्या असताना, ती सतराचा पाढा चुकली. बद्रीनाथनं तिच्या त्याच कानावर अशी मारली, की जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून नुसती मान हलवली. त्यानंतर ती खांबाला उजवा कान लावू लागली.

दुर्गाबाई पुन्हा पोस्टात आल्या. या वेळी लाईन लगेच मिळाली. पलीकडं तोच माणूस होता.

"बद्रीनाथ? त्यानं आमच्या एका लेकराचा हात मोडल्ता, बाई. म्हणून तर काढला त्याला."

"मंग कळवलं का न्हाई हो तुम्ही?"

"तो कुठं गेला, आम्हाला काय ठाऊक? कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं. श्रावणात एकदा तुमच्याकडून फोन आल्ता खरा. म्या हॅलो-हॅलो केलं, पण कुणी बोललंच न्हाई."

दुर्गाबाईंनी पुंजारामकडं पाहिलं. तो तिकिटांवर शिक्का मारत होता. एकाच तिकिटावर, पुन्हा पुन्हा.

दुर्गाबाईंनी भोकरदनच्या ठाण्यात तक्रार दिली. 'मी खोटं लिहिलं' असं संस्थेलाही स्वतःच कळवलं. पण बद्रीनाथ सापडला नाही. बायकोला माहेरी सोडून तो जालन्याच्या स्टेशनावर रेल्वेत बसला, एवढाच पत्ता लागला. अप्पाराव एकदा येऊन बाकावर बसले. "म्याच अडवलं तुम्हाला, बाई," एवढंच म्हणाले.

जाताना दुर्गाबाई पुंजारामला म्हणाल्या, "तो जिथं जाईल, तिथून कुणी ना कुणी इचारायला फोन करंल. मी शेतात असंल तरी बोलावून आणा."

त्या दिवसापासून मी त्या फोनची वाट पाहू लागलो. बाळंतपणाचे फोन आले, मयताचे आले, निकालाचे आले. प्रत्येक घंटीला पुंजारामचा हात थबकायचा. गावात नवे फोन आले, मग खिशातले आले, आणि दोन हजार तीन साली माझे स्क्रू काढले. तोवर तो फोन आला नाही. तो माणूस पुन्हा कधी लेकरांत उभाच राहिला नाही, की कुठल्याच गावानं विचारलं नाही? मी एवढा थापाड्या, पण याचं उत्तर मला रचूनही सांगता येत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्या वर्गावर नवं माणूस आलं की घरच्या मोठ्यांना एवढं विचारा, "आधीच्या गावाला फोन लावला का?" तो कुणाचा जावई आहे, कुणाचा भाऊ आहे, देवमाणूस आहे, असं ते म्हणाले तरी पुन्हा विचारा. आणि पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणालं, तर फोन ठेवू नका. बोला.