पेट्रोलचा वास

संपतने बॉनेटमध्ये हात घालून पेट्रोलचा पाईप चिमटीत दाबला. रबर मऊ पडलं होतं. जरा वाकवल्याबरोबर त्यावर बारीक भेगा उघडल्या आणि एका भेगेतून निघालेला थेंब त्याच्या अंगठ्यावरून ओघळून इंजिनवर पडला.

चार दिवस सून सांगत होती, पडवीत बसलं की पेट्रोलचा वास येतो. पूनमला सातवा लागला होता. कधी तिला उदबत्ती सोसायची नाही, कधी फोडणी, त्यामुळे तिचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. “डोहाळं हायेत गं बाई तुझं,” अनसाबाई म्हणाली, आणि संपतही बायकोबरोबर हसला होता. “मला तर न्हाई येत,” असंही वर म्हणाला होता. शिरूरच्या नावाजलेल्या मिस्त्रीला येत नाही म्हटल्यावर वास नाहीच, असं घरात ठरून गेलं.

आज मुलगा स्वराज तिला पडवीपुढे उभ्या असलेल्या याच गाडीतून माहेरी दौंडला सोडणार होता. लाल, दोन सीटांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी जुनी स्पोर्ट्स कार. सणसवाडीच्या कंपनीतला एक साहेब बदली होऊन जाताना ती संपतच्या गळ्यात मारून गेला होता. पोटुशी बाई तिच्यात बसणार कशी आणि उठणार कशी, असा अनसाबाईचा सवाल होता. पण पूनमची वरात याच गाडीतून निघाली होती, आणि लाडक्या सुनेच्या हट्टापुढे या घरात कुणाचं काही चालत नसे.

संपतने जुना पाईप कापून काढला, नवा घातला, क्लिपा आवळल्या. असलं काम त्याला झोपेतही जमलं असतं. गाडी चालू करून त्याने टॉर्चच्या उजेडात पाईप न्याहाळला. कोरडाठाक होता. त्याने इंजिन बंद केलं.

पण पुढचा पाईप असा झाला, तर त्याच वयाचा मागचा कसा धड असेल? पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारा जाड पाईप पत्र्याआड दडलेला असतो. तो दिसत नाही, त्याचा थेंबही खाली पडत नाही. नुसता वास येतो. आणि स्वराजने कालच टाकी काठोकाठ भरून आणली होती. संपतने डिकी उघडली, आत डोकं घातलं आणि छाती भरून श्वास ओढला.

काहीच नाही.

त्याला कशाचाच वास येत नव्हता. कोरोनाच्या तापातून उठला तो नाक गमावूनच. येईल परत, म्हणून आधी गप्प राहिला. मग पेट्रोलचा वास न येणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार, या धास्तीने गप्प राहिला. पुढे लपवायची सवयच होऊन गेली.

“आबा, निघू का?” पूनमला बसवून स्वराज आपल्या सीटवर सरकला होता. आणि घरातून अनसाबाई पेटलेली दिवटी घेऊन बाहेर आली.

त्यांच्या घरची ती रीत होती. कुणी लांब निघालं की देव्हाऱ्यातली खंडोबाची दिवटी पेटवायची, गाडीवर भंडारा टाकायचा आणि गाडीभोवती फिरून ओवाळायचं. तेलात भिजलेल्या कापडाची वीतभर ज्योत वाऱ्याने लवत होती. फेरी मागच्या बाजूने, टाकीजवळूनच जाणार होती.

“थांब,” संपत म्हणाला.

“पेटल्यावर थांबायचं आसतं व्हय? देवाचं हाय.”

“अनसे, थांब म्हणतो ना!”

ती जागच्या जागी उभी राहिली. संपत सुनेच्या खिडकीशी वाकला.

“पोरी, आता वास येतोय का?”

पूनमने सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. चार दिवस सगळे आपल्याला हसलेत, हे ती विसरली नव्हती.

“न्हाई, मामा. आता न्हाई.”

पण पदर तिने नाकाशी घट्ट दाबून धरला होता.

“न्हाई म्हणतीय ना ती,” स्वराज म्हणाला आणि त्याने चावीकडे हात नेला.

“चावीला हात लावू नको!” संपत ओरडला. मग खाली बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मला वास येत न्हाई. कशाचाच न्हाई. कोरोनापासनं. तुला हसलो ते माझं चुकलं, पोरी. खरं सांग.”

पूनमने पदर खाली घेतला.

“येतोय, मामा. लई येतोय. पाठीमागनं.”

अनसाबाई दिवटी अंगापासून लांब धरून, गाडीवरची नजर न काढता उलट्या पावलांनी घरात गेली. स्वराजने पूनमला उतरवून समोरच्या लिंबाखाली बसवलं. बापलेकांनी गाडी ढकलत मोकळ्यावर नेली आणि पत्रा खोलला. आतला पाईप वरच्या अंगाने बोटभर चिरला होता.

आपल्या गॅरेजमधला जाड पाईप मापात कापून संपत बसवत होता, तेव्हा अनसाबाई मोकळ्या हातांनी येऊन शेजारी उभी राहिली.

“काल मेथी करपली हुती,” ती म्हणाली.

संपत क्लिप आवळत राहिला.

“तुम्ही म्हणला, वास झकास सुटलाय. मला वाटलं, माझं मन राखताय.”

संपतने हात पुसले आणि बाजूला सरकून तिला जागा करून दिली. अनसाबाईने पदर कमरेला खोचला, वाकून टाकीपाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. संपत तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“न्हाई येत,” ती म्हणाली.

“खरं?”

अनसाबाई सावकाश सरळ झाली.

“मी कवा खोटं बोलले तुमच्याशी?”